कुंडीतली तहान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शहरातलं अंगण गेलं, पण झाडांची हौस काही गेली नाही. गॅलरीत, गच्चीत, खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळस, गुलाब, मिरची, कढीपत्ता दिमाखानं उभे असतात. पण नर्सरीतून आणलेलं टवटवीत रोप महिन्याभरात मान टाकतं आणि 'आमच्या हाताला गुणच नाही' असं म्हणून आपण मोकळे होतो. खरं तर हाताला दोष देण्याचं कारण नाही. कुंडी म्हणजे जमीन नव्हे, एवढंच आपण विसरलेलो असतो.

जमिनीतल्या झाडाची मुळं पाण्याच्या शोधात खोल जातात आणि जादा पाणी खाली मुरून जातं. कुंडीत या दोन्ही वाटा बंद. म्हणून ती उन्हाळ्यात चटकन सुकते आणि पावसाळ्यात चटकन चिंब होते. आता मुळांना जसं पाणी लागतं, तशी हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या, की मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे माती ओली आणि झाड मात्र तहानलेलं! पानं मलूल दिसली की आपण आणखी एक तांब्या ओततो. कितीतरी झाडं अशा मायेपोटीच जातात.

मग पाणी द्यायचं कधी? साधी युक्ती आहे. बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहा. गारवा लागला, माती बोटाला चिकटली, तर थांबा. कोरडी लागली तर द्या; आणि द्याल तेव्हा पोटभर द्या, तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत. रोज नुसतं वरवर शिंपडलं तर मुळं वरच्या थरातच घुटमळतात. शिवाय पाण्यातले आणि खतातले क्षार तिथंच साठतात. बोअरच्या जड पाण्यानं मातीवर पांढरा थर येतो, तो यांचाच. अधूनमधून भरपूर पाणी देऊन हे क्षार धुऊन काढावेत.

चार दिवस गावाला जाऊन आलं, की माती आकसून कुंडीची कड सोडते. अशा वेळी वरून ओतलेलं पाणी कडेनं सरळ खाली निघून जातं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. कुंडी लहान असेल तर ती पाण्याच्या बादलीत ठेवावी. बुडबुडे थांबले की बाहेर काढून निथळू द्यावी.

पाण्याचं गणित शेवटी मातीवर अवलंबून असतं. आपली देशावरची काळी माती शेतात सोनं पिकवते, पण कुंडीत नुसती तीच भरली तर ओली असताना चिखल होते आणि सुकली की भेगाळते. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट, असं मिश्रण बहुतेक झाडांना मानवतं. कोकोपीटात क्षार असू शकतात, म्हणून ते आधी धुऊन घ्यावं. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. तळाशी खडीचा जाड थर देण्याची पद्धत आहे, पण त्यानं निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही, वरच अडतं. आणि मुळांची तेवढी जागा मात्र कमी होते.

दर पाण्याबरोबर थोडं पोषणही वाहून जातं. म्हणून महिन्याकाठी मूठभर खत घालावं आणि वर वाळक्या पाल्याचं आच्छादन ठेवावं. ऊन थेट मातीला लागत नाही आणि ओल टिकते. घरचा पालापाचोळा आणि ओला कचरा यांतून माती तयार करण्याचा विचार 'प्रयोग परिवारा'चे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी महाराष्ट्रात रुजवला. ज्याला आपण कचरा म्हणतो, ते कुंडीचं अन्न आहे. वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, कुंडी रिकामी करून गुंडाळलेली मुळं छाटावीत आणि माती ताजी करावी.

आता एक गोष्ट झाडापेक्षा माणसाच्या जिवाची. कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी डेंगीच्या डासाला फार आवडतं. त्याची मादी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या ओल्या कडेला अंडी घालते. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळालं, की साधारण आठ-दहा दिवसांत त्यांतून डास तयार होतो. म्हणून बशी नुसती उपडी करून भागत नाही. आठवड्यातून एकदा ती काथ्यानं खसखसून घासावी आणि कोरडी करावी. पावसाळ्यात तर बश्या काढूनच टाकाव्यात आणि कुंड्या विटांवर ठेवाव्यात. पाणी मोकळं निथळतं, मुळांना हवा मिळते आणि खालची फरशीही कोरडी राहते.

उद्या सकाळी पाण्याचा झारा उचलण्याआधी प्रत्येक कुंडीत एकदा बोट घालून पाहा. निम्म्या कुंड्या 'आज नको' म्हणतील. त्यांचं ऐका.