एक नाव, अनेक इव्हान

हिब्रू ‘योहानान’ ग्रीकमार्गे रशियात पोचला आणि ‘इव्हान’ झाला. मराठी बायबलमधला योहान त्याचाच भाऊबंद.

मॉस्कोच्या गादीवर आलेला पहिला इव्हान ‘कलिता’, म्हणजे पैशाची थैली, या टोपणनावाने ओळखला जाई. तिसऱ्याच्या काळात, १४८० मध्ये, मंगोल-तातारांचे जोखड उतरले. चौथा १५४७ मध्ये रशियाचा पहिला अभिषिक्त झार झाला. त्याचे ‘ग्रोझ्नी’ हे बिरुद आपण ‘क्रूर’ असे वाचतो, पण मूळ अर्थ ‘धाक वाटावा असा’ आहे. १५८१ मध्ये त्याच्या हातून थोरला मुलगा मारला गेला, असे मानले जाते. त्या मुलाचे नावही इव्हानच! इल्या रेपिनचे त्या प्रसंगाचे चित्र पाहताना मुलापेक्षा बापाचे विस्फारलेले डोळे जास्त छळतात.

सगळ्यांत करुण कहाणी सहाव्याची. १७४० मध्ये दोन महिन्यांचा असताना तो सम्राट झाला, पुढच्याच वर्षी पदच्युत झाला आणि १७६४ मध्ये कैदेतच मारला गेला.

लोककथांतला ‘वेडा इव्हान’ मात्र शेवटी राजकन्या जिंकतो. दस्तयेव्हस्कीचा इव्हान करमाझोव देवाशी वाद घालतो, तर टॉलस्टॉयचा इव्हान इल्यिच मरणाशी झुंजतो. चेकॉव्हचा ‘वान्या मामा’ही इव्हानच, वान्या हे त्याचे लाडके रूप. आणि सोल्झेनित्सिनचा इव्हान देनिसोविच? झारचे नाव मिरवणारा हा साधा शेतकरी कैद्यांच्या श्रमछावणीत ‘श्च-८५४’ या क्रमांकाने ओळखला जातो.