कुंडी उचला, खेकड्याचा भाऊबंद पाहा!

नाशिककर, पावसाळ्यात बाल्कनीतली एखादी कुंडी उचला. खाली करडे, चपटे जीव पळापळ करतात ना? तेच वुडलाउस. माहीत आहे का, हे कीटक नाहीतच! खेकडा-कोळंबीच्या खानदानातले आहेत. समुद्र सोडून जमिनीवर फ्लॅट घेतला, एवढंच.

1758 मध्ये जीवांच्या वर्गीकरणाचा जनक खुद्द लिनियसनेही यांना कीटकांत टाकलं होतं. अर्थात, खेकड्यालाही तिथेच बसवलं होतं म्हणा!

हात लावताच गोळी झाली? थांबा! पश्चिम घाटात गोळी होणारा पैसा किडाही आहे. तेव्हा पैसे नंतर, आधी पाय मोजा. चौदाच भरले तर वुडलाउस. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला मात्र बारा!

द्राक्षाच्या मण्यावर असते तशी निळसर-पांढरी पावडर अंगावर दिसली? मग तो बहुधा पॉर्सेलिओनाइडिस प्रुइनोसस. प्राणिशास्त्रज्ञ ब्रँटने 1833 मध्ये नोंदवलेला आणि जगभर पसरलेला. दुर्मीळ? अजिबात नाही. सॉरी!

अख्खाच निळा-जांभळा? नाचू नका, बिचाऱ्याला इरिडोव्हायरसची लागण झालीय. पुढून करडा, मागून फिकट? तीही नवी जात नव्हे. हा गडी कात दोन हप्त्यांत टाकतो, आधी मागची, मग पुढची. वर ती खाऊनही टाकतो. झीरो वेस्ट!

खरोखर क्वचित दिसणारी जात ओळखायची, तर मोबाइलवरचा झक्कास फोटो बऱ्याचदा फेल जातो. तज्ज्ञ आधी त्याला उताणा करतात. पोटाखाली पांढरे ठिपके दिसतात, ती चक्क फुप्फुसं! पॉर्सेलिओ गटातल्यांना दोन जोड्या, ट्रॅकेलिपस गटातल्यांना पाच. मग मिशीचं टोक बघायचं. तुकडे दोन की तीन? फायनल राउंड सूक्ष्मदर्शकाखाली. नराच्या पोटाखाली समागमासाठी घडलेली इवलीशी पाती असतात. त्यांचा आकार हाच जातीचा दाखला! सापडल्या त्या सगळ्या माद्याच निघाल्या, तर फाइल पेंडिंग.

त्यातही ट्विस्ट आहे. गोळी होणाऱ्या आर्माडिलिडियम वल्गेरमध्ये वोल्बाकिया नावाचा जिवाणू शिरला, की नर व्हायचं पिल्लू मादी होऊन बसतं.

आणि नवी जात जंगलातच सापडते असं थोडंच आहे? व्हिएतनाममध्ये मच्छीमारांकडून विकत घेतलेला यांचा समुद्री चुलता 2025 मध्ये नवी जात ठरला. डोकं ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ व्हेडरच्या हेल्मेटसारखं, म्हणून नाव बॅथिनोमस व्हेडेराय. लांबी फूटभराच्या वर, वजन किलोहून जास्त. तिकडे त्याच्यावर चक्क ताव मारतात. चव लॉबस्टरसारखी म्हणे!