हरिणी पाडसाला का हाकलते?

पाडस एकटे दिसले, की आईने टाकले असे आपण समजतो. आम्हीही तसेच समजत होतो. पण उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीची हरिणी पहिले दोन-तीन आठवडे पाडसाला गवतात दडवून मुद्दाम दूर चरते. तिच्या वासामागे शत्रू येऊ नये, हे त्यामागचे कारण. दूध पाजायला ती परत येतेच. तेव्हा असे पाडस कुणी उचलू नये.

खरी ताटातूट वर्षाने होते. पुन्हा विण्याची वेळ आली, की तीच आई मोठ्या पोरांना हाकलते. लेकी बहुधा हिवाळ्याआधी परततात. नर मात्र दूर नवा मुलूख शोधतात.

मुले शिकायला परगावी निघाली, की आमच्या घरांतही रडारड होते. मायमाउल्यांनो, डोळे पुसा, पण वाट अडवू नका!