बोटावरचा आकडा आणि यंत्रातली गोटी

२०२१च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत धावाधाव करून आणलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आता घरोघरी फिरतात. शेजारच्या आजोबांना धाप लागते म्हटल्यावर यंत्र तिकडे जाते. किती लिटरवर ठेवायचे, हे मात्र आधीच्या रुग्णाचेच चालू राहते. खोट इथेच आहे. ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याची मात्रा डॉक्टरांनी त्या माणसापुरती ठरवायची असते.

यंत्र खोलीतली हवा ओढते. झिओलाइटचे खडे तिच्यातला नायट्रोजन धरून ठेवतात आणि नळीतून ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन येतो. नाकाशी पुन्हा साधी हवा मिसळतेच. त्यामुळे मिनिटाला २ लिटरवर रुग्णाच्या श्वासात जातो साधारण २८ टक्के.

चुलीच्या धुराने किंवा विडीने फुप्फुसे झिजलेल्या सीओपीडीच्या रुग्णांसाठी डॉक्टर बहुधा रक्तातल्या ऑक्सिजनचे ८८ ते ९२ टक्क्यांचे लक्ष्य ठेवतात. घरच्यांना ८९ बघवत नाही. कुणीतरी यंत्रातली प्रवाह दाखवणारी गोटी २वरून ५वर नेतो, बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, सगळे निर्धास्त झोपतात. अशा काही रुग्णांच्या रक्तात मग कार्बन डायऑक्साइड साचू लागतो, आणि तो बोटावरच्या चिमट्याला दिसत नाही. सकाळी डोके जड, गुंगी, असंबद्ध बोलणे असे काही दिसले तर आकडा कितीही छान असो, थेट रुग्णालय गाठायचे.

जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७०च्या दशकातल्या संशोधनावर उभा असलेला हा चिमटा उपयोगी खराच, पण गार बोटे आणि नेलपॉलिश त्याला फसवतात. सावळ्या त्वचेवर तो कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. हात उबदार करून, आकडा स्थिरावल्यावरच वहीत लिहावा. शेजारी मिनिटाला किती श्वास, तेही.

नळीने नाक सोलवटते म्हणून व्हॅसलिन चोपडू नये. तेलकट मलम ऑक्सिजनजवळ पेट घेऊ शकते, पाण्यात विरघळणारे जेल चालते. निरांजन, उदबत्ती, गॅस यांपासून रुग्ण आणि यंत्र निदान दोन-तीन मीटर लांब हवेत. विडी तर खोलीतही नको.

वीज गेली की यंत्र बंद, म्हणून भरलेला सिलिंडर हाताशी लागतो. बी-टाइपमध्ये साधारण १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला २ लिटरने तो कागदावर साडेबारा तास पुरतो. काटा अर्ध्यावर असेल तर सहा.