वंचित युवकांच्या सामाजिक विकासात खेळाची भूमिका
नागपूर येथील हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल स्पर्धा भरविली. त्यातूनच पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. फुटबॉलला एक चेंडू व मोकळी जागा पुरेशी असल्याने दारिद्र्य हा त्यात मोठा अडसर ठरत नाही. नियमित सरावामुळे वेळेचे भान, नियमपालन व पराभव पचविण्याची वृत्ती अंगी बाणते. तसेच प्रशिक्षकाच्या रूपाने विश्वासू प्रौढ व्यक्तीचा आधार लाभतो. मात्र केवळ खेळल्याने व्यसनाधीनता वा शाळागळती आपोआप थांबत नाही. हक्काचे मैदान, मार्गदर्शनातील सातत्य व शिक्षणाची जोड मिळाली, तरच खेळ हे सामाजिक परिवर्तनाचे प्रभावी साधन ठरते, असे म्हणता येईल.