विहिरीवरची बाई आणि केडगावचं घर

पंडिता रमाबाईंच्या वयाची चोविशी पूर्ण व्हायच्या आत त्यांचं माहेर आणि सासर, दोन्ही संपलं होतं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थयात्रा करत फिरणारे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई गेले, मागोमाग थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास तेवढा उरला. त्याच्याबरोबर पायी भटकत रमाबाई 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या, तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, आणि 1880 मध्ये तो भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न झालं. 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. हाती उरली मनोरमा, वर्षाचीही नसलेली.

त्या पुण्याला आल्या. सुधारक रानड्यांच्या मंडळींनी मान दिला, आर्य महिला समाज उभा राहिला, व्याख्यानांना गर्दी झाली. पण मान मिळाला म्हणजे माणसं मिळाली असं होत नाही. 1883 मध्ये डॉक्टरकी शिकायला त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या ख्रिस्ती धर्मभगिनींच्या मठात मुक्काम होता. कानांनी दगा दिल्यामुळे डॉक्टरकी हुकली. परक्या मुलखात, परक्या भाषेत, त्यात ऐकू कमी येणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरात बहिरेपण आहे त्यांना सांगायला नको. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ताकडे त्यांना कशाने ओढलं? 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. लंडनच्या फुलहॅम भागात याच मठाचं एक घर होतं. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायांना तिथे ठेवून घेत, बोलत, कामाला लावत. अशा बायकांना कोणी आपलं म्हणतं, हे रमाबाईंनी आजवर कुठे पाहिलं नव्हतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातली शमरोनी बाईची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट पाहण्यासारखी आहे. बाई भर दुपारी पाण्याला येते आणि एकटी येते. ज्या गावात बायका सकाळ-संध्याकाळ घोळक्याने पाणवठ्यावर जातात, तिथे उन्हाच्या वेळी एकटीने जाणं म्हणजे काहीतरी बिनसलेलं आहे, हे आपल्याकडच्या वाचकाला न सांगता कळतं. पाच नवरे झालेले, सहावा नवरा नव्हेच. येशू तिला उपदेश करत नाही. आधी पाणी मागतो. यहुदी माणसाने शमरोन्याच्या हातचं पाणी मागावं यातला धक्का, ब्राह्मणी सोवळ्यात वाढलेल्या रमाबाईंना कुठल्याही टीकाकारापेक्षा अधिक नेमका कळला असणार. आणि त्या बाईचं पुढे काय होतं? घागर तिथेच टाकून ती गावात जाते. ज्यांना टाळून ती दुपारी आली होती, त्यांच्यातच.

माझ्या मते रमाबाईंच्या श्रद्धेचं मर्म इथे आहे: दिलासा मिळाला तो माणसांत परतण्यासाठी. एरवी देव भेटला की जग नको, अशा निवृत्तीची वाट आपल्याला चांगली परिचयाची आहे. त्यांनी ती धरली नाही.

पण बाप्तिस्म्याने एकटेपण लगेच सुटलं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. उलट नवं एकटेपण आलं. पुण्यातले सुधारक दुखावले, वर्तमानपत्रं तुटून पडली. आणि नव्या घरात तरी कुठे सगळं गोड होतं? त्यांना आईच्या मायेने सांभाळणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत. पण आजीबाईंना आज्ञाधारक नात हवी होती. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी घातला. एक जोखड फेकून दुसरं घेणार नाही, ही त्यांची भूमिका. हा पत्रव्यवहार पुढे 1977 मध्ये ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली छापून आला. प्रेम आणि भांडण एकाच पानावर कसं नांदतं, ते त्यात दिसतं. साक्षीत तर त्या म्हणतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र नव्हता. तो पुढे आठेक वर्षांनी उमगला.

तोवर त्या परतल्या होत्या, मुंबईला चौपाटीजवळ 11 मार्च 1889 रोजी विधवा मुलींसाठी त्यांचं शारदा सदन निघालं होतं, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं होतं. रमाबाई खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली आत येऊन बसत. यावरूनच 1893 मध्ये गहजब झाला. रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार होती असं नाही. काही मुली खरोखरच ख्रिस्ताकडे वळल्या होत्या.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ, विधवा मुली घेऊन आल्या. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगावला घेतलेल्या जमिनीवर ‘मुक्ती’ हे आश्रयघर वसलं. 1900 च्या सुमारास तिथे दीड-दोन हजार बायामुली होत्या. बायबलात एलीया संदेष्टा जीव नकोसा होऊन रानात एका झुडपाखाली झोपतो, तेव्हा देवदूत त्याला बोधवचन देत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. केडगावची रीत हीच होती. आधी खाणं, अंगाला कपडा, खरूज-तापाला औषध. मग शेती, विणकाम, छपाई, शिवण, अक्षरओळख. आंधळ्या मुलींसाठी मनोरमा ब्रेल शिकून आली. 1905 मध्ये तिथे जी प्रार्थनेची लाट उसळली, मुली तासन्‌तास रडत, मोठ्याने प्रार्थना करत, तिच्याकडे पाहणाऱ्यांची मतं तेव्हाही दुभंगली होती. मला वाटतं, ज्यांच्या रडण्याला आयुष्यभर कोणी जागा दिली नव्हती, त्यांना ती मिळाली, एवढं तरी मानायला हरकत नाही.

श्रद्धा आणि एकटेपण यांच्या याच गोष्टीची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांकडे आहे. त्यांना एकटं पाडलं तेच मुळी नवऱ्याच्या श्रद्धेने. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांच्या आश्रयाला गेल्या. चार-पाच वर्षं अशी गेली. नवरा जिवंत, पण घर बंद. पुढे त्या नगरकडे आल्या त्याही वेगळी चूल, वेगळं पाणी ठेवून. सोवळं सुटलं ते कुणाच्या प्रवचनाने नाही. जात माणसाने केली, देवाने नाही, हे एके दिवशी त्यांचं त्यांनाच पटलं, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना मिळालेली मंडळी मराठीतच गाणारी होती. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणलं होतं. ती पदं रविवारच्या उपासनेत आजही म्हटली जातात. सून म्हणून जे नातेवाईक तुटले, त्यांच्या जागी पाळक, बायबलबाया, वसतिगृहातली पोरं आली.

1919 मध्ये टिळक गेले. त्यांनी अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेण्याचं काम, जेमतेम लिहायला शिकलेल्या या बाईने अंगावर घेतलं. ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्रही त्यानंतरचंच. विधवेच्या लेखणीतून आलेलं ते पुस्तक विनोदाने भरलेलं आहे, आणि त्यात लक्ष्मीबाई एकट्या अशा फार थोडा वेळ सापडतात. बहुतेक पानांवर घरात कोणीतरी येऊन राहिलेलं असतं आणि धान्य पुरेल का याची चिंता चाललेली असते.