आधी शून्य जुळू दे

देहूरोडला लष्कराचा डेपो, ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि लोकलने काही मिनिटांवर पिंपरी-चिंचवडचे कारखाने. त्यामुळे इथल्या एखाद्या माळ्यावर निवृत्त टर्नरची पत्र्याची पेटी निघाली तर नवल नाही. आत जुना मायक्रोमीटर असतो. मावळातले चार-दोन पावसाळे त्याने बिनतेलाचे काढलेले असतात. फ्रेमवर तांबूस पापुद्रा, थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, हलायला तयार नाही.

अशा वेळी हात आपसूक पॉलिश पेपरकडे जातो. तिथेच घात होतो.

1848 साली फ्रान्समध्ये झाँ पाल्मेर यांनी मायक्रोमीटरचं पेटंट घेतलं. फ्रेंच कारागीर आजही त्याला ‘पाल्मेर’च म्हणतात. थिंबलच्या एका फेऱ्यात स्पिंडल, म्हणजे आतला दांडा, अर्धा मिलिमीटर सरकतो आणि थिंबलवर 50 रेघा असतात, म्हणून एक रेघ 0.01 मिलिमीटरची. पॉलिश पेपरने घासलं की गंजाबरोबर चांगलं पोलादही जातं आणि मोजणारी तोंडं सपाट राहत नाहीत. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवणंही नको; आम्ल गंजावरच थांबत नाही.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे जाम होतात. लॉक सैल करून फटींत पातळ तेल सोडावं, रात्रभर मुरू द्यावं. सकाळी थिंबल जरा पुढे, जरा मागे. पक्कड लावायची नाही! स्पिंडल सुटला की आटे डिझेल आणि जुन्या टूथब्रशने धुवावेत. फ्रेमवर तेलात भिजवलेली सर्वांत बारीक स्टील वूल चालते, पण रेघांवर जपून. तोंडांसाठी साधा कोरा कागद पुरतो: तो हलकेच चिमटीत धरायचा आणि ओढून काढायचा. पहिल्या कागदावर काळपट डाग उमटतो, तिसऱ्या-चौथ्यावर नाही.

मग रॅचेट फिरवून तोंडं मिटवायची. शून्य जुळत नसेल तर लॉक करून अर्धचंद्राकृती चावीने स्लीव्ह, म्हणजे एरवी स्थिर असणारी नळी, किंचित फिरवतात. एवढ्यावर विश्वास ठेवू नये. 608 नंबरचं नवं बेअरिंग घेऊन मोजावं. त्याचा बाहेरचा व्यास 22 मिलिमीटर, चूक फार तर एका रेघेच्या आतली. आकडा तिथेही जुळला तर घरच्या कामाला हरकत नाही. कारखान्यात मात्र कॅलिब्रेशनच्या दाखल्याशिवाय हा मायक्रोमीटर कुणी टेबलावर ठेवू देणार नाही.

पेटीत परत ठेवताना शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा आणि तोंडांत थोडी फट ठेवायची. घट्ट मिटलेल्या तोंडांमध्ये ओल अडकते.